पार्किन्सनच्या पेशंटचं मणक्यातलं पाणी काढून त्यातले धातू तपासावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील 61 वर्षांचे. उभी नोकरी वेल्डिंग शॉपमध्ये, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला, पार्किन्सनचं निदान झालं, सिंडोपा (लेव्होडोपाची गोळी) सुरू केली आणि हाताचा कंप जवळजवळ थांबला. गेल्या तीन-चार महिन्यांपासून मात्र गोळी पूर्वीसारखी लागू पडत नाही. अशातच एका वेलनेस सेंटरवाल्यांनी केसांचा नमुना घेतला, रिपोर्टमध्ये शिसं, ॲल्युमिनियम आणि मँगनीज लाल रंगात छापून आले. सल्ला मिळाला की हे धातू मेंदूत जाऊन बसलेत, मणक्यातलं पाणी काढून खात्री करून घ्या आणि मग सलाइनमधून 'डिटॉक्स'चा कोर्स करा. सध्याची औषधं तुम्ही दिली आहेत: सिंडोपा, बीपीची गोळी, चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून सुरू झालेली लोहाची गोळी, करोनाच्या दिवसांपासून चालूच राहिलेली झिंकची गोळी, आणि गावाकडच्या कुणी दिलेली 'कंपवाताची' पुडी. तुम्ही विचारलंय की पाणी काढावं का, आणि काढलं तर कुठल्या लॅबला पाठवावं.

माझं उत्तर: फक्त धातूंसाठी पाणी काढू नका. मी न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करतो, पण तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला दिसतं. धातूंमुळे आजार झाला का, हा एक. गोळी आत्ताच का लागू पडेनाशी झाली, हा दुसरा. तुमची खरी चिंता दुसरी आहे, आणि वेलनेसवाल्यांनी तिच्यावरचा उतारा म्हणून पहिला प्रश्न तुमच्या हातात ठेवला. दुसऱ्याकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर बहुधा तुम्हीच दिलेल्या औषधांच्या यादीत आहे.

आधी हे पाणी. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती जो स्वच्छ द्रव असतो त्याला आम्ही सीएसएफ म्हणतो. मोठ्या माणसाच्या शरीरात कुठल्याही वेळी तो साधारण 150 मिलि असतो आणि दिवसाला अर्धा लिटर नवा तयार होतो, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळा बदलून निघतो. रक्तातले धातू त्यात सरसकट उतरत नाहीत, मधे राखणदारी कडक आहे. तांबं रक्तात लिटरमागे हजार मायक्रोग्रॅमच्या घरात असतं, सीएसएफमध्ये साधारण वीसच्या आत. लोह पंधरा ते साठच्या दरम्यान. मँगनीज तर एक मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि हे धातू तिथे असायलाच हवेत. पार्किन्सनमध्ये मेंदूत जे रसायन कमी पडतं ते डोपामिन, आणि ते तयार करणारं एन्झाइमच लोहाशिवाय चालत नाही. त्यामुळे 'धातू सापडले' ही बातमीच नव्हे. किती सापडले, आणि तो आकडा कितपत खरा, यावर सगळं अवलंबून आहे.

इथेच पहिली अडचण. लंबर पंक्चरची, म्हणजे कमरेतून हे पाणी काढायची, सुई स्टेनलेस स्टीलची असते. 304 स्टीलमध्ये काय असतं ते वडिलांनाच विचारा, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल: क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास, निकेल 8, मँगनीज 2 टक्क्यांपर्यंत, उरलेलं बहुतेक लोह. आता ज्या द्रवात मँगनीज लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम असतं, तो द्रव या सुईतून थेंब थेंब खाली येतो. सुईच्या आतल्या बाजूने किती सुटलं आणि मेंदूकडून किती आलं? काटेकोर संशोधनात पहिले थेंब टाकून देतात, नळ्या आम्लाने धुतलेल्या असतात आणि त्याच सुईतून शुद्ध पाणी सोडून कोरा नमुनाही तपासतात. रोजच्या वॉर्डात यातलं काही होत नाही. वॉर्डातली नळी रबरी बुचाची असते आणि रबरात झिंक असतं. ग्लोव्ह्जना पावडर असेल तर त्यातूनही झिंक येतं.

दुसरी अडचण रक्ताची. एक मिलि रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे 500 मायक्रोग्रॅम लोह असतं. सुई आत जाताना एखादी बारीक शीर टोचली जाणं रोजचंच आहे. समजा सीएसएफमध्ये वीस हजारात एक भाग रक्त मिसळलं. मायक्रोस्कोपखाली घनमिलिमीटरमागे अडीचशेच्या आसपास लाल पेशी दिसतील, पण नळी उजेडात धरलीत तर पाणी स्वच्छच वाटेल. एवढ्याने लोहाचा आकडा लिटरमागे 25 मायक्रोग्रॅमने वर जातो. खरा आकडा 20 असेल तर रिपोर्टवर 45 छापून येईल, आणि तो दुपटीहून जास्त का झाला हे कुणालाही सांगता येणार नाही. पेशंटला मात्र सांगितलं जाईल की मेंदूत लोह साचलंय.

मोजणारं यंत्र, आयसीपी-एमएस, फार ताकदीचं आहे. आर्गॉन वायूच्या काही हजार अंशांच्या प्लाझ्मात नमुना जाळून ते प्रत्येक धातूचे अणू वस्तुमानाप्रमाणे मोजतं. पण आर्गॉन आणि ऑक्सिजन जोडले गेले की त्यांचं एकत्र वस्तुमान 56 होतं, आणि लोहाचंही 56 च. आर्गॉन आणि क्लोरिन जोडले की 75, जे आर्सेनिकचं. सीएसएफ खारट असतं, त्यात क्लोराइड भरपूर. हे घोटाळे टाळायच्या युक्त्या यंत्रात असतात, पण त्या सीएसएफसाठी बसवून घ्याव्या लागतात, आणि रक्त-लघवीची रोजची कामं करणाऱ्या लॅबला त्याची गरज क्वचितच पडते. सीएसएफच्या धातूंचे जे रिपोर्ट माझ्याकडे दुसरीकडून आले, त्यांतल्या काहींवर 'नॉर्मल'च्या रकान्यात चक्क रक्ताची मर्यादा छापलेली होती. म्हणून 'कुठल्या लॅबला पाठवू' याला माझ्याकडे उत्तर नाही. नमुना घेतानाच बिघडला असेल तर लॅब कितीही चांगली असून उपयोग नाही.

आता समजा सगळं अगदी चोख केलं. तरी त्या आकड्याचा अर्थ काय लावायचा? पार्किन्सनमध्ये मेंदूच्या सबस्टान्शिया नायग्रा या भागात लोह वाढतं हे पक्कं आहे. शवविच्छेदनात दिसलंय, एमआरआयच्या खास पद्धतींतही दिसतं. पण कमरेतून काढलेल्या सीएसएफमध्ये ते उमटतंच असं नाही. काही अभ्यासांत पार्किन्सनवाल्यांचं लोह जास्त आलं, काहींत कमी, काहींत फरकच नाही. विहिरीच्या तळाशी किती गाळ बसलाय हे वरचं पाणी चाखून कळत नाही, तसंच हे. आणि जिथे फरक सापडतो तिथेही तो गटांच्या सरासरीत असतो. आजारी माणसं आणि निरोगी माणसं यांचे आकडे एकमेकांवर इतके चढलेले असतात की एकट्या माणसाच्या आकड्यावरून त्याला कुठल्या गटात टाकायचं ते ठरत नाही.

याचा अर्थ सीएसएफमधलं लोह हा विषयच फोल आहे असं मी म्हणत नाही. 2015 मध्ये एका मोठ्या अभ्यासात सीएसएफमधल्या फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून, स्मृतिभ्रंशाकडची घसरण किती वेगाने होईल याचा काही अंदाज येतो असं दिसलं. आजार कसा घडतो हे समजायला अशा अभ्यासांची मोठी मदत होते. पण मंगळवारच्या ओपीडीत समोर बसलेल्या माणसाला कुठली गोळी द्यायची, याला त्यातून आज तरी उत्तर मिळत नाही.

मग धातूंमुळे मेंदूचे आजार होतच नाहीत का? होतात, आणि त्यांतले काही वेळेत पकडले तर बरेही होतात. फक्त ते पकडायची जागा बहुतेक वेळा मणका नसते. रक्त, लघवी, डोळा, एमआरआय आणि सगळ्यांत आधी माणसाची हकीकत, इथे ते सापडतात.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मी ज्याच्याबद्दल खरोखर चौकशी करेन असा धातू एकच: मँगनीज. 1837 मध्ये जॉन कूपर या डॉक्टरने ग्लासगोमधल्या ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यातले कामगार पाहिले. मँगनीजचं खनिज दळणारी ही माणसं पायांतला जोर गेल्यासारखी चालत होती, चेहरे भावशून्य झाले होते. ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या डॉ. पार्किन्सनचा निबंध येऊन तेव्हा जेमतेम वीस वर्षं झाली होती. आपल्याकडे नागपूर-भंडारा पट्ट्यात मनसर, डोंगरी बुजुर्ग अशा मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे विदर्भात प्रॅक्टिस करणाऱ्याने कंप-ताठरपणाच्या पेशंटला कामाबद्दल विचारलंच पाहिजे. वेल्डिंगच्या धुरातही मँगनीज असतं, आणि नाकावाटे आलेलं मँगनीज यकृताचा नाका चुकवून मेंदूपर्यंत पोहोचू शकतं.

तर वडिलांना विचारा: टाकीत किंवा पाइपात उतरून वेल्डिंग करायचात का? एक्झॉस्ट होता का? हार्डफेसिंगचे, म्हणजे धातूवर कठीण थर चढवायचे, रॉड किती वापरले? त्यांत मँगनीज बरंच जास्त असू शकतं. मोकळ्या शेडमध्ये, वारं वाहत असताना साध्या रॉडने केलेलं काम आणि बंद टाकीत वर्षानुवर्षं केलेलं काम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी मँगनीजच्या विरुद्ध जातात. एक, कंप एका बाजूने सुरू झाला आणि हात स्वस्थ असतानाचा होता. मँगनीजचा आजार साधारणपणे दोन्ही बाजूंना सारखा येतो, कंप कमी असतो, बोलणं लवकर बिघडतं, माणूस मागे पडू लागतो, आणि कधी कधी टाचा उचलून चवड्यांवर, कोंबड्यासारखा चालतो. दोन, सिंडोपाचा गुण चांगला आला. मँगनीजमध्ये तो येत नाही किंवा फार थोडा येतो. त्यामुळे वडिलांचं चित्र नेहमीच्या पार्किन्सनचं वाटतं. वेल्डिंगने नेहमीचा पार्किन्सन वाढतो का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि ते आज ठरलं तरी तुमच्या वडिलांची औषधं बदलणार नाहीत.

एमआरआय झालेला असेल तर टी-वन चित्रांत ग्लोबस पॅलिडस हा भाग पांढरा चमकतोय का, एवढं रेडिओलॉजिस्टना पुन्हा बघायला सांगा. ही मँगनीजची खूण. मात्र काम सुटलं की ती सहा महिने ते वर्षभरात फिकी होत जाते, म्हणून तीन वर्षांनी ती नसली तर 'मँगनीज कधीच नव्हतं' असा अर्थ होत नाही. उलट आज ती ठळक असेल तर मी यकृत तपासेन. मँगनीज पित्तावाटे बाहेर पडतं आणि सिरॉसिसमध्ये तो रस्ताच बंद होतो. रक्तातलं मँगनीज आत्ता तपासून काही कळणार नाही. काम सुटल्यावर रक्त लवकर पूर्वपदावर येतं.

दुसरा धातू तांबं. तो वडिलांसाठी नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या एखाद्या तरुण पेशंटसाठी नक्की आहे. विल्सनचा आजार. 1912 मध्ये सॅम्युअल किनिअर विल्सनने त्याचं सविस्तर वर्णन केलं. एटीपी7बी या जीनमधल्या दोषामुळे यकृताला जादा तांबं पित्तात सोडता येत नाही आणि ते यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साचत जातं. ओपीडीत येतो तो साधारण असा: विशीतला मुलगा, वर्षभरापासून अक्षर बिघडलंय, कॉलेजातले मित्र म्हणतात की हा बोलतो ते कळत नाही, तोंडातून लाळ गळते, हात पसरले की पंख फडफडवल्यासारखे हलतात. मधल्या काळात कुणी मानसिक म्हणून औषधं दिलेली असतात. याला मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पखाली पाठवतो. बुब्बुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं आणि रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली आलं, 24 तासांच्या लघवीत तांबं 100 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, की निदान जवळपास हातात असतं.

अशा पेशंटच्या सीएसएफमध्ये तांबं वाढलेलं असतंच, नेहमीच्या काही पट. म्हणजे सीएसएफमधल्या धातूचा आणि मेंदूच्या आजाराचा इतका सरळ संबंध असलेलं दुसरं उदाहरण नाही. तरीही मी पाणी काढत नाही, कारण डोळा, रक्त आणि लघवी मिळून जे सांगतात त्यात सीएसएफ काही भर घालत नाही. उपचार आहेत: पेनिसिलामीन, ट्रायेंटिन, झिंक. जॉन वॉल्शने 1956 मध्ये पेनिसिलामीन आणलं त्याआधी हा आजार जीव घेऊनच थांबायचा. पेनिसिलामीन सुरू केल्यावर मेंदूची लक्षणं आधी वाढू शकतात, म्हणून डोस हळूहळू चढवतात. आणि पेशंटच्या सख्ख्या भावंडांची तपासणी विसरू नये. प्रत्येकाला चारात एक शक्यता असते, आणि लक्षणं यायच्या आधी उपचार सुरू झाले तर ती यायची थांबतात. अशा घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद.

तांब्यावरून पुण्याची एक गोष्ट आठवते, मेंदूची नव्हे, यकृताची. एकेकाळी आपल्याकडे तान्ह्या मुलांना एक वेगळ्याच तऱ्हेचा सिरॉसिस व्हायचा आणि त्यांच्या यकृतात तांबं खच्चून भरलेलं असायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी घरोघरची भांडी तपासायला घेतली. 1983 मध्ये त्यांनी लॅन्सेटमध्ये मांडलं की पितळेच्या-तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेलं गाईम्हशीचं दूध बाळाला फार लवकर सुरू करणं हे यामागचं कारण असावं. भांडी बदलली, स्टील आलं, आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला. यातली कळीची तपासणी होती स्वयंपाकघरात जाऊन दूध कशात तापवता हे विचारणं.

उलटा प्रकारही असतो, तांबं कमी पडण्याचा, आणि तुमच्या यादीतल्या झिंकच्या गोळीमुळे तो सांगायलाच हवा. जास्त झिंक पोटात गेलं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन तयार करतात. ते तांब्याला धरून ठेवतं, आणि पेशी गळून पडली की तांबंही शौचावाटे जातं. महिनोन्‌महिने असं चाललं की माणसाला पायांत मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, चाल अडखळते. चित्र हुबेहूब बी-12 च्या कमतरतेचं. करोनानंतर माझ्याकडे एक बाई अशाच आल्या. बी-12 नॉर्मल, तरी इंजेक्शनांचा कोर्स होऊन गेलेला, फरक शून्य. औषधांच्या पिशवीत तळाशी 50 मिलिग्रॅम झिंकची पाकिटं होती, दोन वर्षांपासून रोज, कारण 'बंद करा' असं कुणी सांगितलंच नव्हतं. रक्तातलं तांबं आणि सेरुलोप्लाझमिन दोन्ही पार खाली. झिंक थांबवलं, तांबं दिलं, वाढत जाणारं दुखणं थांबलं. गेलेलं सगळं परत आलं नाही, या आजारात बरेचदा येत नाही. वडिलांची झिंकची गोळी कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना विचारा, आणि कारण सापडलं नाही तर बंद करा.

शिसं आणि पारा यांच्यासाठी माझा पहिला प्रश्न नोकरीचा, दुसरा पुडीचा. जुन्या बॅटऱ्या फोडणं, रंगकाम, सोनारकाम हे नोकरीत येतं. पुडीबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नये. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात नागभस्म शिशाचं असतं, अनेक कल्पांत पारा असतो, हे वैद्यांनाही मान्य आहे. ते शास्त्रोक्त झालं आहे का आणि निर्धोक आहे का, हा वाद मी इथे काढत नाही. पण कागदाच्या पुडीवर ना नाव, ना घटक, ना बॅच, अशा वेळी तो वाद करायलाही जागा उरत नाही. 2004 मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पुडी थांबवा, आणि रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, फक्त नळी ट्रेस-एलिमेंटची, म्हणजे स्वतःतून धातू न सोडणारी, असावी. आणखी एक शक्यता: कंपवाताच्या पुडीत खाजकुयलीच्या बिया असतील तर त्यांत नैसर्गिक लेव्होडोपाच असतो, म्हणजे सिंडोपातलाच घटक, पण किती ते ठाऊक नाही. त्यामुळे पुडी थांबवतानाही न्यूरॉलॉजिस्टना सांगून थांबवा. एकदम बंद केल्यावर कडकपणा वाढला तर तो कशामुळे, हे कळलं पाहिजे.

ॲल्युमिनियमचं आटोपतं घेतो. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातून थेट रक्तात गेलेल्या ॲल्युमिनियममुळे पेशंटना स्मृतिभ्रंश झाला, पाणी शुद्ध केल्यावर ते थांबलं. तिथे किडन्या बंद होत्या. धडधाकट किडनीच्या माणसाला ॲल्युमिनियमच्या कुकरने पार्किन्सन होतो असा पुरावा नाही.

केसांच्या तपासणीबद्दल. ती सगळ्याच बाबतीत निरुपयोगी नाही. 1996 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या केरन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब सांडले. पाच महिन्यांनी तोल जाऊ लागला, आणि जून 1997 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या केसाच्या लांबीवरून पारा कधी शरीरात शिरला ते मागे जाऊन दाखवता आलं. सेंद्रिय पाऱ्यासाठी केस चालतो. पण आयुष्यभर वेल्डिंग शॉपची धूळ, वर काळी मेहंदी किंवा डाय, अशा केसातलं शिसं आणि मँगनीज आतून आलंय की बाहेरून चिकटलंय हे वेगळं करता येत नाही. तशीच दुसरी क्लृप्ती म्हणजे आधी धातू ओढणारं औषध देऊन मग लघवी तपासायची आणि आकडा नेहमीच्या मर्यादेशी ताडायचा. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढतात, माझ्याही वाढतील.

आणि आता सलाइनचा 'डिटॉक्स'. याला माझा ठाम विरोध आहे. त्या बाटलीत बहुतेक वेळा ईडीटीए हे धातू ओढणारं औषध असतं. रक्तातून मेंदूत ते फारसं शिरतच नाही, म्हणजे ज्या जागेची भीती घातली त्या जागी ते पोहोचत नाही. त्याचे दोन प्रकार आहेत. शिशाच्या विषबाधेत वापरतात तो कॅल्शियमवाला. त्याच्या जागी डायसोडियम ईडीटीए गेलं तर रक्तातलं कॅल्शियम झपकन उतरून हृदय थांबू शकतं. 2003 ते 2005 या काळात अमेरिकेत असे तीन मृत्यू नोंदले गेले, त्यांत लहान मुलंही होती.

'पण मेंदूत शिरणारं, लोह ओढणारं औषध दिलं तर?' हा प्रश्न हुशार आहे, आणि तो नीट तपासलाही गेलाय. डेफेरिप्रोन हे थॅलेसेमियात वापरतात ते औषध मेंदूत जातं. युरोपात पार्किन्सनच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या, लेव्होडोपा अजून सुरू न झालेल्या 372 पेशंटना 36 आठवडे ते किंवा नुसती साखरेची गोळी दिली गेली. निकाल 2022 मध्ये आला. एमआरआयवर नायग्रातलं लोह खरंच कमी झालं. आणि पेशंट? ज्या मापनात आकडा वाढणं म्हणजे आजार वाढणं, त्यात औषधवाल्यांचा आकडा 15.6 ने वाढला, साखरेच्या गोळीवाल्यांचा 6.3 ने. लोह हटलं आणि माणसं जास्त बिघडली. डोपामिन बनवायला लोह लागतं हे मी वर लिहिलंच आहे. त्याचं एक स्पष्टीकरण तेच असावं. साचलेलं दिसलं म्हणून काढून टाकलं की बरं वाटेल, हा तर्क ऐकायला इतका सोपा आहे की तो खोटा निघाला तरी दुकानं चालूच राहतात.

मग मी पाणी कधी काढतो? मेंदूज्वराची शंका असेल, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असेल, चाल-लघवी-स्मृती तिन्ही बिघडून एमआरआयवर मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसत असतील, तेव्हा. धातूशी संबंधित म्हणावं असं एकच कारण मला व्यवहारात लागलंय: सुपरफिशियल सिडरोसिस. कुठून तरी थेंब थेंब रक्त पाझरत राहतं आणि मेंदूच्या पृष्ठभागावर लोहाची पुटं चढतात. माणसाला बहिरेपणा येतो आणि तोल जातो. तिथेही एमआरआय आधी, आणि सीएसएफमध्ये मी लोह मोजत नाही, लाल पेशी, पिवळसरपणा आणि फेरिटिन बघतो. पाणी काढल्याने पाय जातात ही भीती मात्र मनातून काढा. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या बऱ्याच खाली सुई घालतात. डोकेदुखी काही जणांना होते, ती बहुतेक वेळा जाते. माझा विरोध धोक्यासाठी नाही, हाती काही लागणार नाही म्हणून आहे.

आता राहिला तुमचा खरा प्रश्न: गोळी का लागू पडेना?

सिंडोपाचा असर कमी झाला तीन-चार महिन्यांपूर्वी. लोहाची गोळी सुरू झाली चार महिन्यांपूर्वी. दोन्ही सकाळी एकदमच देता का? लेव्होडोपा आतड्यातच लोहाला चिकटतो आणि मग शोषला जात नाही. निरोगी माणसांवरच्या एका चाचणीत लोहाबरोबर घेतल्यावर रक्तात पोहोचलेला लेव्होडोपा निम्म्यावर आला, पार्किन्सनच्या पेशंटमध्ये साधारण तीस टक्क्यांनी घटला. शिवाय लोहाने बद्धकोष्ठता वाढते आणि पोट साफ नसेल तर गोळी आतड्यात उशिरा पोहोचते. हेच कारण असेल असं मी खात्रीने म्हणत नाही. दोन वर्षांनंतर डोस आपोआपच कमी पडू लागणं, गोळी दुधाबरोबर किंवा भरपेट जेवणावर घेणं, हीही कारणं असतात. पण हे तपासायला एक पैसा लागत नाही.

सिंडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. लोहाची गोळी तिच्यापासून किमान दोन तास लांब, जमल्यास रात्री झोपताना. सिंडोपाचा डोस स्वतः वाढवू नका आणि एकही गोळी चुकवू नका. दोन आठवडे एका वहीत लिहा: गोळी किती वाजता, हात किती वाजता मोकळा झाला, पुन्हा कधी अडला, शौचाला झाली का. हिमोग्लोबिन का उतरलं याचा छडाही लागायला हवा. साठीच्या पुरुषाला लोह कमी पडलं तर पोटात कुठे रक्त जातंय का ते बघावं लागतं, नुसती गोळी देऊन भागत नाही. फिजिशियनकडून शौचातलं रक्त आणि गरज वाटली तर एंडोस्कोपी-कोलोनोस्कोपी करून घ्या. हे काम मणक्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी निकडीचं आहे.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ती वही, एमआरआयच्या फिल्म्स आणि औषधांची अख्खी पिशवी घेऊन जा, झिंक आणि पुडीसकट. केसांचा रिपोर्ट घरी राहिला तरी चालेल.